वामनभाऊ आणि त्यांचे नेरचे साडू

दुसऱ्याचं चांगलं झालं की माणसं तोंडभर हसून अभिनंदन करतात आणि घरी जाऊन बायकोजवळ धुसफुसतात. वामनभाऊ गावंडे हे सगळं तिथल्या तिथे उरकून टाकायचे. यवतमाळला एका संस्थाचालकाला ‘आदर्श शिक्षणसंस्था’ म्हणून मानचिन्ह मिळालं, तेव्हा वामनभाऊ व्यासपीठावर चढले. त्या गृहस्थांचा हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि माइक पुढ्यातच आहे याची फिकीर न करता म्हणाले, "अभिनंदन, साहेब. लय जळून राह्यली माही."

सभागृह खो खो हसलं. वामनभाऊ हसले नाहीत. ते गंमत करतच नव्हते. एखादा जसा "आज पित्त झालंय" म्हणून सांगतो, तसं ते सांगत. वर विचारत, "खोटं कायले बोलू, सर? आतमंधी आग अन् बाहेरून गुलाबपाणी, हे आपल्याच्यानं होत नाई." हार मात्र ते घेऊन जात आणि तोही सगळ्यांत जाड.

मी त्यांच्या शाळेचा मुख्याध्यापक होतो. नाव भगत, गाव यवतमाळ. पांढरकवड्यात नोकरी लागली तेव्हा वाटलं होतं, शाळा चालवायची आहे. पुढे कळलं, शाळा आपोआप चालते. वामनभाऊंची जळजळ सांभाळणं हेच खरं काम.

ते कापसाचे वाईट दिवस होते. भाव पडलेला, बोंडअळीनं झाडं पोखरलेली, आणि जो काही कापूस निघे तो कोण घेणार याचा पत्ता नाही. केळापूरच्या रस्त्यावर वामनभाऊंची जिनिंग होती. एका हंगामात तिची यंत्रं थांबली ती पुन्हा सुरू झालीच नाहीत. तेव्हा जिल्ह्यात एक नवीच हवा सुटली होती. ज्याच्याजवळ रिकामं शेड होतं तो इंग्रजी शाळा काढत होता, ज्याच्याजवळ शेड नव्हतं तो डी.एड. कॉलेज काढत होता आणि ज्याच्याजवळ काहीच नव्हतं तो या दोघांचा सल्लागार होत होता. धंदा आला की त्यामागे बक्षिसंही येतात. नागपूरच्या एका मोठ्या हॉटेलात दर वर्षी शिक्षण-उद्योगाचे पुरस्कार वाटले जाऊ लागले. संस्थांना वेगळे, शिक्षणात पैसा घालणाऱ्यांना वेगळे आणि सल्ला देणाऱ्यांना वेगळे.

पण वामनभाऊंनी शाळा काढली ती धंदा म्हणून नव्हे. नेरच्या साडूंनी काढली, म्हणून काढली.

हे साडू म्हणजे प्रभाकरराव ढोले. वामनभाऊंच्या पत्नी सुमनवहिनी. त्यांच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. नेरच्या कापूस बाजारात त्यांची अडत होती. उंच, सावकाश बोलणारा, पांढऱ्या शर्टाला कधी सुरकुती न पडू देणारा माणूस. शिवाय बी.ए. झालेला. वामनभाऊ मॅट्रिकला गणिताशी भांडून घरी आलेले. सासरी प्रभाकरराव थोरले जावई, त्यामुळे दिवाळीत ओवाळणं आधी त्यांना, पाट आधी त्यांना आणि पुरणपोळीवर तुपाची पहिली धारही त्यांनाच. "साडभाऊच्या ताटात पडून जे उरते ते मले," वामनभाऊ सांगत. "सासरे बिचारे चांगले होते, पण त्यांच्या नजरेत मी म्हणजे कापसासंगं फुकट आलेली सरकी."

प्रभाकररावांनी नेरला इंग्रजी शाळा काढून तिला सासऱ्यांचं नाव दिलं. त्या रात्री वामनभाऊ जेवले नाहीत. सकाळी त्यांनी जिनिंगचं कुलूप उघडलं आणि आपल्या शाळेला सासूबाईंचं नाव द्यायचं ठरवलं. सासूबाई चांगल्या ठणठणीत होत्या. उद्घाटनाला त्या स्वतःच आल्या, फलकावरचं आपलं नाव पाहून दचकल्या आणि "जावईबापू, मी हाओ न अजून!" म्हणाल्या.

त्याच उद्घाटनाला पाहुण्यांनी पंख्यांचं बटण दाबलं आणि वर तुळयांवर कितीतरी वर्षं साचलेली कापसाची रुई खाली उतरू लागली. पहिलीची पोरं बघता बघता म्हातारी दिसायला लागली. वामनभाऊ कौतुकानं पाहत राहिले. "पाहा सर, शकुन आहे," ते म्हणाले. "नेरले असं झालं होतं काय?"

नेरले असं झालं होतं काय, या प्रश्नावर आमची शाळा उभी राहिली. नेरला पिवळी बस आली, की आमच्याकडे दोन आल्या. त्यातली एक जागची हलत नसे. तिला धुऊन पुसून फाटकाजवळ उभी करत, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दोन दिसाव्यात म्हणून. नेरच्या पोरांनी कडुलिंबाची रोपं लावली, की आठवड्याभरात आमच्या पोरांच्या हातात कुदळी. खड्डे मात्र जास्त खोल. नेरला मुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं बांधल्याचं कळलं, तेव्हा वामनभाऊंनी मला दुपारच्या एसटीनं तिकडे पाठवलं. काम काय, तर दारं कुठल्या दिशेला आहेत ते पाहून यायचं. मी पाहून आलो. आमच्याकडे घंटेऐवजी जिनिंगचा जुना भोंगा होता, एवढी एकच गोष्ट नेरकडून आली नव्हती. तो वाजला की निम्मा पांढरकवडा घड्याळ लावायचा.

एकदा बातमी आली, की प्रभाकररावांनी पालकांना सांगितलंय, कापूस विकला की मग फी द्या. वामनभाऊ खुर्चीतून उठून येरझारा घालू लागले. "वा वा मिळवून राह्यला तो! साऱ्या तालुक्यात वा वा!" दुसऱ्या दिवशी आमच्या फाटकावर फलक लागला. फी कापूस विकल्यावर. खाली वामनभाऊंनी स्वतःच्या हातानं खडूनं लिहिलं होतं, ‘नाही विकला तरी पोरीले घरी बसवू नका.’

मी म्हटलं, "भाऊ, हे फार मोठं काम केलंत."

"काम कायचं?" ते खेकसले. "त्याच्या वरताण केली. एवढंच."

मग एका वर्षी नागपूरचा तो पुरस्कार प्रभाकररावांच्या शाळेला मिळाला. वामनभाऊ खास नेरला जाऊन मानचिन्ह पाहून आले. काचेची ज्योत होती. त्यांनी ती वितीनं मोजली, नखानं टिचकी मारून पाहिली, उचलून पाहिली. परत आल्यावर शाळेच्या पायरीवर बसले. "काचच आहे," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "पण जड आहे, सर."

पुढच्या वर्षी त्यांनी जंग जंग पछाडलं. संस्थेच्या गटात डाळ शिजेना, म्हणून गुंतवणूकदारांच्या गटात उतरले. एक अख्खी जिनिंग शिक्षणात घातलेला दुसरा माणूस विदर्भात सापडला नसावा, कारण वामनभाऊ निवडले गेले. हॉटेलच्या थंडगार सभागृहात, कोटातली माणसं आणि इंग्रजी बोलणाऱ्या बाया यांच्यामधून ते धोतर सावरत वर गेले, काचेची ज्योत घेतली आणि पहिल्यांदा कुठे पाहिलं असेल तर तिसऱ्या रांगेत. तिथे प्रभाकरराव बसले होते.

परत येताना जीप वामनभाऊच चालवत होते. ज्योत माझ्या मांडीवर. माणूस आनंदानं ओसंडून जायला हवा होता. हिंगणघाट मागे पडलं तरी ते गप्प. शेवटी म्हणाले, "साडभाऊनं टाळ्या कशा वाजवल्या, पाह्यलं तुम्ही?"

"जोरात वाजवल्या की."

"मोकळ्या वाजवल्या. हसून वाजवल्या. उभं राहून वाजवल्या." त्यांनी जीप रस्त्याच्या कडेला घेतली. "तो जळला नाई, सर. जराबी नाई. काहीतरी बिघडलं आहे."

बिघडलं होतं खरंच. महिनाभरात कळलं, प्रभाकररावांनी शाळा नागपूरच्या एका कंपनीला देऊन टाकली. कापूस विकल्यावर येणारी फी आलीच नव्हती. कुणाचा कापूसच आला नव्हता. त्यांनी एकाही पोराला घरी पाठवलं नाही आणि मग एक दिवस मास्तरांना पगार द्यायला काही उरलं नाही. अडत आधीच बसली होती. वामनभाऊंची महामार्गालगत थोडी जमीन होती, ती भाड्यानं देऊन त्यांची शाळा तगून राहिली. प्रभाकररावांकडे तसा टेकू नव्हता. नव्या कंपनीनं पहिल्याच आठवड्यात फलक बदलला. सासऱ्यांचं नाव गेलं.

आम्ही नेरला गेलो. प्रभाकरराव ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते. शर्ट पांढराच, पण चुरगळलेला. वामनभाऊंनी बसल्या बसल्या खडा टाकून पाहिला. "साडभाऊ, आमची शाळा आता तुमच्यापेक्षा चांगली झाली, मानता काय?"

"मानतो ना. चांगलीच आहे तुमची शाळा."

वामनभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी मोठा धोंडा उचलला. "सासऱ्यांचा जीव खरं तं माह्यावरच जास्त होता."

"असेल," प्रभाकरराव शांतपणे म्हणाले. "तुम्ही होताच तसे."

वामनभाऊ चहा अर्धा टाकून उठले. जीपमध्ये बसून त्यांनी किल्ली फिरवली नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून नुसते पाहत राहिले. "याच्यापेक्षा त्यानं मले शिव्या द्यायच्या होत्या," ते म्हणाले.

नंतरचे काही महिने आमच्या शाळेत काहीच नवं घडलं नाही. नेरला काही होत नव्हतं, मग इकडे काय होणार? वामनभाऊ फाटकाशी उभ्या असलेल्या, न चालणाऱ्या बसमध्ये जाऊन बसायचे. मी एखादी योजना घेऊन गेलो तर म्हणायचे, "करा तुम्हाले वाटते तसं." इतक्या वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

मग एका सकाळी त्यांनी मला घरून उचललं. "चला सर, नागपूर. साडभाऊचे डोळे दाखवायचे आहेत."

पांढरकवड्याहून नागपूरचा रस्ता सरळ उत्तरेला. नेर भलत्याच बाजूला, पार अमरावतीच्या अंगाला. आम्ही यवतमाळवरून नेर गाठलं, प्रभाकररावांना घेतलं आणि उलट फिरून नागपूरकडे निघालो. एवढा फेरा कशाला, असं मी हळूच विचारलं, तर म्हणाले, "रस्त्यातच तं आहे!"

नागपुरात जीप थांबली ती कुठल्या दवाखान्यापुढे नव्हे, त्याच हॉटेलपुढे. त्या दिवशी निवडीच्या मुलाखती होत्या आणि संध्याकाळी लगेच पुरस्कार. मला काही कळायच्या आत आम्ही एका गालिच्याच्या खोलीत होतो. समोर टेबलामागे तिघं परीक्षक. मधल्या बाईंनी चष्मा वर केला.

"ढोले साहेब, गावंडे साहेबांनी उत्कृष्ट शैक्षणिक सल्लागार म्हणून आपलं नाव सुचवलंय. त्यांच्या शाळेला आपण काय काय सल्ले दिलेत?"

प्रभाकरराव गोंधळून उभे राहिले. "मी? बाई, काहीतरी चूक होते आहे. मी यांना आयुष्यात एकही सल्ला दिलेला नाही. लग्नकार्याशिवाय आमचं बोलणंसुद्धा होत नाही. मी डोळे दाखवायला आलो आहे."

टायवाले परीक्षक हसू लपवण्यासाठी पाणी पिऊ लागले. तेवढ्यात वामनभाऊ उठले.

"बाई, हा माणूस खोटं बोलून राह्यला," ते म्हणाले. "बस काढा, हे कोणाचं? याचं. झाडं लावा, याचं. पोरींसाठी वेगळे संडास बांधा, याचं. आम्ही तं दारंबी पाहून आलो याच्या शाळेची, विचारा ह्या सरांले. कापूस विकल्यावर फी घ्या, हेबी याचंच. त्याच्यानं माह्याकडच्या कितीक पोरी शिकून राह्यल्या. माह्या शाळेत माह्या डोक्यातलं काय आहे म्हणाल, तं एक भोंगा. बाकी सारी शाळा याची आहे."

"पण ते म्हणतात, त्यांनी तुम्हाला काही सांगितलं नाही."

"सांगाले कायले लागते? मी पाहत होतो ना!" वामनभाऊंचा आवाज एकदम चिरकला. "सकाळ-संध्याकाळ पाहत होतो. जळणारा माणूस जेवढं बारीक पाहते, बाई, तेवढं तुमचे इन्स्पेक्टर पाहत नाईत. यानं एकेक गोष्ट केली अन् मी इकडे जळून जळून तीच केली. याच्यापेक्षा मोठा सल्लागार कुठी असते काय?"

प्रभाकररावांनी चष्मा काढला, चुरगळलेल्या शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. मग खाली पाहत म्हणाले, "दारं चुकली आहेत तुमची."

"काय?"

"पोरींच्या संडासांची. मी पूर्वेला ठेवली, कारण माझ्याकडे मैदान पश्चिमेला होतं. तुमच्याकडे मैदानच पूर्वेला आहे. पोरांच्या देखत जावं लागतं त्यांना. नुसतं पाहून काय उपयोग? विचारायचं तरी."

"तुम्ही कधी पाह्यलं आमचं मैदान?"

"पाहिलं," प्रभाकरराव म्हणाले. त्यांनी चष्मा पुन्हा नाकावर चढवला.

संध्याकाळी सल्लागाराचा पुरस्कार दुसऱ्यालाच मिळाला. पुण्याचा एक तरुण होता, केसांना भरपूर काहीतरी चोपडलेला. त्यानं पडद्यावर रंगीत गोल काढून दाखवले आणि गोलांना बाण जोडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारी प्रभाकरराव हाताची घडी घालून बसले होते. त्यांचे कान लाल झाले होते.

"यानं काय केलं?" ते माझ्या कानाशी फुत्कारले. "कधी फळ्यापुढे उभा राहिला आहे का हा? एक तरी पोरगं ओळखतो का नावानं? याला देतात! याला!"

पलीकडून वामनभाऊ वाकले. त्यांनी साडूंचे कान पाहिले, थरथरणारी नाकपुडी पाहिली, न वाजणारे हात पाहिले. स्वतःच्या पुरस्काराच्या वेळी दिसला नव्हता तो आनंद त्यांच्या तोंडावर पसरला. त्यांनी माझा गुडघा इतक्या जोरात दाबला की मला ओरडायची वेळ आली.

रात्री नागपुरात मुक्काम करून आम्ही सकाळी निघालो. वर्धा येईपर्यंत प्रभाकररावांनी पुण्याच्या पोराला सोललं. वर्ध्याच्या पुढे ते आमच्या शाळेवर घसरले. फाटक चुकीच्या जागी आहे, महामार्गावर पोरं एकदम बाहेर पडतात. सातवीला उजेड कमी आहे. ती दुसरी बस भंगारात घाला, लोक हसतात. वामनभाऊ एरवी जीप उधळल्यासारखी चालवत. त्या दिवशी आम्हाला बैलगाड्या मागे टाकत होत्या. मध्ये मध्ये ते "हो न" आणि "बरं" एवढंच म्हणत. कळंबला चहा प्यायलो, तिथेही प्रभाकररावांनी टेबलावर बोटानं सातवीची खिडकी काढून दाखवली.

नेरला त्यांच्या दारात जीप थांबली. प्रभाकरराव उतरले, घराकडे चार पावलं गेले आणि परत आले. "सोमवारी येतो मी. पण माझ्यासाठी खुर्ची वेगळी ठेवा. तुमच्या शेजारी नको. तुम्ही फार बोलता."

"बरं," वामनभाऊ म्हणाले.

परतीच्या वाटेवर दोन्ही बाजूंना कापसाच्या पऱ्हाटीची उभी शेतं होती, काही वेचलेली, काही तशीच सोडलेली. रस्त्यावरची नजर न काढता वामनभाऊंनी विचारलं, "सर, तुमचे साडू कुठी असतात?"

"मला साडू नाहीत, भाऊ. आमची मंडळी एकुलती एक."

वामनभाऊंनी वळून माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत माझ्याकडे कुणी इतक्या कळवळ्यानं पाहिलं नव्हतं. त्यांनी डावा हात स्टिअरिंगवरून काढून माझ्या खांद्यावर ठेवला आणि यवतमाळ येईपर्यंत तिथेच राहू दिला.